घर दाखवताना मालक घरात असावा का?

लग्नाच्या बाजारात जसा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, तसाच घराच्या बाजारात घर पाहण्याचा कार्यक्रम. दोन्हीकडे आदल्या दिवशी जाळीजळमटे निघतात, ठेवणीतल्या चादरी बाहेर येतात, मुलांना दम दिला जातो आणि पाहुणे आल्यावर सगळेच फार गोड बोलतात. मनातले प्रश्न मात्र जिना उतरताना विचारले जातात. ‘स्वयंपाकघर जरा अंधारंच वाटलं, नाही?’ हे वाक्य घरात कोणी उच्चारत नाही. ते लिफ्टमध्ये बोलले जाते आणि तिथे ते ऐकायला घरमालक नसतो.

मुलगी दाखवण्याची ती जुनी रीत आता बऱ्याच घरांतून गेली आणि ते चांगलेच झाले. घर दाखवण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही जुना फ्लॅट विकायला काढला की पहिल्याच रविवारी घरात वाद होतो. यजमान म्हणतात, ‘मी स्वतः दाखवतो, मला एकेक खिळा माहीत आहे.’ एजंट म्हणतो, ‘साहेब, तुम्ही तासभर फिरून या, मी बघतो.’ आणि गृहिणी म्हणते, ‘अनोळखी माणसांच्या हाती घर सोडून मी कुठेही जाणार नाही.’

गंमत अशी की तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न ‘असावे’ किंवा ‘नसावे’ एवढ्यावर सुटत नाही. मालकाने घरात असावे, पण कोणत्या भेटीत किती पुढे यावे हे ओळखावे. याचे कारण नीट समजून घेतले तर व्यवहारही चांगला होतो आणि मनस्तापही वाचतो.

पाहुणा संकोचतो

आधी एजंटाची बाजू घेऊ. घर पाहायला आलेले नवरा-बायको तुमच्या दिवाणखान्यात उभे आहेत आणि तुम्ही त्यांच्या मागे-पुढे चालत आहात. अशा वेळी ते काय करतील? ‘छान आहे, छान आहे’ म्हणतील. सिंकखालचे कपाट उघडणार नाहीत, नळ सोडून पाहणार नाहीत, न्हाणीघराच्या दारामागे डोकावणार नाहीत. आपला पलंग या खोलीत मावेल का, सासूबाईंना कोणती खोली द्यायची, शिलाई मशीन कुठे ठेवायचे, हे बोलणे त्यांना एकमेकांशी करायचे असते. परक्या माणसासमोर ते होत नाही. आणि ज्या घरात आपला पलंग मनातल्या मनात मांडून पाहता आला नाही, ते घर माणूस सहसा घेत नाही.

दुसरी गोष्ट, मालक फार बोलतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या फरशीसाठी त्याने चार दुकाने पालथी घातली, ती फरशी दाखवताना त्याला ते सगळे सांगावेसे वाटते. पण ऐकणाऱ्याला त्या फरशीचे काही नसते. कदाचित तो ती बदलणारच असतो.

तिसरी गोष्ट जास्त महागात पडणारी. गप्पांच्या ओघात मालक आपली अडचण सांगून बसतो. ‘मुलाची परदेशातली फी जूनपर्यंत भरायची आहे,’ किंवा ‘नव्या घराचा हप्ता सुरू झालाय हो, दोन्हीकडे भरतोय.’ सहानुभूती मिळते, पण किंमतही त्याच क्षणी खाली येते. घाईत असलेल्या विक्रेत्याशी घासाघीस करणे सोपे असते, हे खरेदीदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

पण मालकाशिवाय सांगणार कोण?

अमेरिकेत घर दाखवायच्या वेळी मालकाने बाहेर जावे असाच सर्वसाधारण रिवाज आहे. दाराला किल्लीची छोटी कुलूपबंद पेटी लावलेली असते. एजंट ती उघडून गिऱ्हाइकाला घर दाखवतो आणि पुन्हा बंद करून जातो. आपल्याकडचे काही एजंट हा दाखला मोठ्या विश्वासाने देतात. पण त्या रिवाजामागे आणखी दोन गोष्टी आहेत, त्या ते सांगत नाहीत. तिथे एजंटाला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. आणि बहुतेक राज्यांत घराचे माहीत असलेले दोष विक्रेत्याला लेखी कळवावे लागतात. म्हणजे मालक घरात नसला तरी त्याने द्यायची माहिती कागदावर हजर असते.

आपल्याकडे तसे नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली, ही चांगली गोष्ट झाली. पण तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकताना बहुधा ओळखीतला, गल्लीच्या तोंडाशी पाटी लावून बसलेला एजंटच मध्ये असतो. त्याला तुमच्या घराबद्दल मजला, क्षेत्रफळ आणि किंमत याहून जास्त माहिती नसते. पाणी किती वाजता येते, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून गळती आहे का, देखभालखर्च किती, पार्किंगची जागा सोसायटीच्या कागदोपत्री तुमच्या नावावर आहे की नुसतीच वहिवाट आहे, इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, याची उत्तरे त्याच्याकडे नसतात. विचारले तर तो ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो. हे उत्तर नंतर तुमच्या नावावर जमा होते.

पहिली भेट आणि दुसरी भेट

यातून मार्ग असा काढता येतो. पहिली भेट ही डोळ्यांची असते. त्या वेळी घरातल्या एकाच व्यक्तीने हजर राहावे. दार उघडावे, पाणी विचारावे, ‘सावकाश पाहा, कपाटं उघडलीत तरी चालेल, काही विचारायचं असेल तर मी गॅलरीत आहे,’ असे सांगून बाजूला व्हावे. सगळे कुटुंब ओळीने सोफ्यावर बसून राहू नये. मुलांना शेजारी किंवा खाली खेळायला पाठवावे. टीव्ही बंद असावा, दिवे लावलेले आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

पाहुणे परत निघताना फार तर दोन-चार मिनिटे बोलावे. त्यांनी विचारले तेवढेच सांगावे. ‘मग काय ठरलं?’ असे दारातच विचारू नये.

दुसरी भेट वेगळी. ज्यांना घर खरोखर आवडले आहे तेच दुसऱ्यांदा येतात, आणि बहुतेक वेळा सोबत वडील, भाऊ किंवा एखादा जाणकार घेऊन येतात. ही भेट प्रश्नोत्तरांची असते. या वेळी मालकाने बाजूला राहून चालत नाही. समोर बसावे, शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, देखभालखर्चाची शेवटची पावती, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल यांची फाइल तयार ठेवावी. घरावर बँकेचे कर्ज असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. क्षेत्रफळ सांगताना ते कार्पेट, बिल्ट-अप की सुपर बिल्ट-अप हे स्पष्ट करावे. या तीन शब्दांच्या गोंधळात जमत आलेले व्यवहार मोडतात आणि दोन्ही पक्ष एकमेकांना लबाड समजून वेगळे होतात.

काय बोलावे, काय टाळावे

घर का विकता, हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर खरे असावे आणि एका वाक्यात असावे. ‘मोठं घर घेतलंय’, ‘गावी राहायला जातोय’, ‘भावांमध्ये वाटणी करायची आहे’, एवढे पुरे. पैशाची निकड, घरातले आजारपण, भावकीतले रुसवे यांचा तपशील सांगण्याची गरज नाही. मात्र भावंडांचा हक्क घरावर असेल आणि एखाद्याची सही बाकी असेल, तर ती घरगुती बाब राहत नाही. ती खरेदीदाराला कळलीच पाहिजे.

किमतीची शेवटची मर्यादा पहिल्या भेटीत कोणालाच सांगू नये. नवऱ्याने एक आकडा आणि बायकोने दुसरा सांगितला की पाहुणा अर्थातच लहान आकडा घेऊन घरी जातो. म्हणून किमतीबद्दल एकानेच बोलायचे, हे घरात आधी ठरवावे.

पाहुण्यांनी नावे ठेवली तर मनाला लावून घेऊ नये. ‘हा रंग बदलावा लागेल,’ ‘ओटा फार खाली आहे,’ असे म्हणणारा माणूस बहुधा गंभीर गिऱ्हाईक असतो. ज्याला घर घ्यायचेच नाही तो रंगाची काळजी करत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण सहज बोलून जातो. ‘तुम्ही कोण?’, ‘तुमच्यात मांसाहार चालतो का?’ असले प्रश्न विचारू नयेत. घर विकताना समोरच्याचे कागद, पैशाची सोय आणि दिलेला शब्द पाहायचा. त्याची जात आणि त्याचे ताट पाहण्याचा आपला काय संबंध? दुसऱ्या शहरात घर शोधताना हाच प्रश्न आपल्या मुलाला कोणी विचारला, तर आपल्याला कसे वाटेल, एवढे आठवले तरी पुरे.

ओल झाकू नये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घर दाखवण्याआधी रंगरंगोटी करण्यात गैर काही नाही. पण दर पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीवर रंगाचा हात मारून तिच्यापुढे कपाट सरकवणे वेगळे. मार्चमध्ये पाहिलेले घर जुलैत वेगळे दिसते. तोवर पैसे हातात पडलेले असतात आणि तुम्ही दुसऱ्या घरी गेलेले असता. पण व्यवहारातली जबाबदारी तिथे संपत नाही.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ आजही लागू आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर विक्रेत्यावर या कलमाने एक कर्तव्य टाकले आहे. मालमत्तेत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो विक्रेत्याला माहीत आहे, आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही तो कळण्यासारखा नाही, तर विक्रेत्याने तो सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट मानले जाते. खरेदीदाराने मागितल्यास मालकीची कागदपत्रे तपासायला देणे हेही त्याच कलमात आहे.

मालकाने घर दाखवताना हजर का राहावे, याचे खरे उत्तर इथे आहे. फरशीचे कौतुक एजंटही करील. पण ‘पावसाळ्यात या कोपऱ्याला ओल येते, गेल्या वर्षी गच्चीचं काम झालं, त्यानंतर कमी झाली आहे, पण पूर्ण गेलेली नाही,’ हे वाक्य फक्त मालकच बोलू शकतो. असे सांगितल्याने गिऱ्हाईक पळते, अशी भीती असते. काही जण पळतीलही. पण जो थांबतो तो तुमच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवतो. ओलीपोटी तो थोडी रक्कम कमी करून मागेल, तेवढी द्यावी. नंतरच्या भांडणात आणि वकिलाच्या नोटिशीत त्याहून जास्त जाते, आणि वर झोपही जाते.

घरात एकटी बाई असेल तर

घर विकायला काढले की अनोळखी माणसांची ये-जा वाढते. यजमान ऑफिसात, मुले शाळेत आणि घरी एकटी गृहिणी किंवा वृद्ध सासू, ही वेळ घर दाखवण्याची नव्हे. एजंटाला स्पष्ट सांगावे की आदल्या दिवशी कळवल्याशिवाय आणि तो स्वतः सोबत आल्याशिवाय कोणालाही दार उघडले जाणार नाही. ‘खालीच उभे आहोत, दोन मिनिटं पाहून जातो,’ असा फोन आला तर नाही म्हणायला लाजू नये. खऱ्या गिऱ्हाइकाला रविवारपर्यंत थांबता येते.

येणाऱ्यांचे नाव आणि फोन नंबर एजंटाकडून आधीच घ्यावा. सोसायटीच्या दारावरच्या वहीत त्यांची नोंद होऊ द्यावी. घर दाखवायच्या वेळी शेजारच्या काकूंना चहाला बोलावून ठेवणे हा आपला जुना उपाय आजही उत्तम आहे. दागिने, रोख रक्कम, चेकबुक, औषधे आणि मोबाइल उघड्यावर ठेवू नयेत. कुटुंब गावाला कधी जाणार, दुपारी घरात कोण असते, हे बोलण्यात येऊ देऊ नये.

हल्ली पहिली भेट पुष्कळदा मोबाइलवरच होते. एजंट घराचा व्हिडिओ काढतो आणि तो अनेक जणांकडे फिरतो. म्हणून व्हिडिओ काढण्याआधी मुलांचे फोटो, शाळेची प्रमाणपत्रे, कपाटाच्या किल्ल्या, दारावरची नावाची पाटी कॅमेऱ्यात येणार नाही असे पाहावे. कागदपत्रे भेटीत दाखवावीत, पण त्यांच्या झेरॉक्स प्रती आणि आधार, पॅनच्या प्रती प्रत्येक पाहुण्याला वाटू नयेत. व्यवहार पक्का झाल्यावर द्याव्यात आणि कशासाठी दिल्या ते प्रतीवर लिहावे.

एखादा पाहुणा उत्साहाच्या भरात तिथेच नोटांचे पुडके पुढे करतो. ‘टोकन ठेवा, घर आमचं.’ असे पैसे घेऊ नयेत. २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात आगाऊ रक्कम म्हणूनसुद्धा २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने घेण्यास मनाई आहे. विसार घ्यायचा तो अटी लिहून, चेकने किंवा बँकेमार्फत घ्यावा.

घरातील वडीलधारी माणसे

या सगळ्यात एका व्यक्तीचा विचार बहुधा कोणी करत नाही. ती म्हणजे घरातली आई किंवा सासूबाई. याच घरात त्या लग्न होऊन आल्या, किंवा याच घरासाठी त्यांनी बांगड्या मोडल्या. आता दर रविवारी परकी माणसे येतात आणि त्यांच्यासमोर म्हणतात, ‘हे देवघर काढून इथे फ्रीज ठेवता येईल. ही भिंत पाडली की हॉल मोठा होईल.’ आपण किमतीच्या हिशेबात असतो. त्या मात्र गप्प बसून ऐकत असतात आणि त्या रात्री जेवत नाहीत.

त्यांना घर दाखवायच्या वेळी थांबायचे आहे का, हे आधी त्यांनाच विचारावे. ‘आई, तुम्ही देवळात जाऊन या,’ असे परस्पर ठरवू नये. काहींना बाहेर जाणे बरे वाटते. त्यांना लेकीकडे किंवा मैत्रिणीकडे पाठवावे. काहींना थांबायचे असते, आपल्या घरात कोण येणार हे त्यांना पाहायचे असते. मग त्यांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसू द्यावे. दुसऱ्या भेटीत पाहुण्यांच्या सोबत आलेल्या आजींना पाणी कधी येते, ऊन कोणत्या खिडकीतून येते, दवाखाना किती लांब, भाजी कुठे चांगली मिळते, हे त्यांच्याइतके नीट कोणीच सांगू शकत नाही. मनातली खंत जात नाही, पण निरोप घेण्यात आपलाही वाटा होता, एवढे समाधान त्यांना मिळते.

घर रिकामे असेल किंवा भाडेकरू असेल तर

घर बंद असेल आणि मालक परगावी किंवा परदेशात असेल, तर किल्ल्यांचे जुडगे चार एजंटांना वाटू नये. एकच किल्ली विश्वासू नातेवाइकाकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवावी आणि घर कोणाला कधी दाखवले याची नोंद त्यांना ठेवायला सांगावी. वर सांगितलेली ओल, कर्ज, पार्किंग, देखभालखर्च यांची माहिती एका कागदावर लिहून त्यांच्याकडे द्यावी. मालक हजर राहू शकत नसेल, तर निदान त्याची माहिती तरी हजर असावी.

घरात भाडेकरू असेल तर मालकी तुमची असली तरी सध्या संसार त्यांचा आहे, हे विसरू नये. त्यांच्या सोयीची वेळ विचारावी, त्यांच्या गैरहजेरीत घर उघडू नये, आणि करारात घर दाखवण्याविषयी काय लिहिले आहे ते आधी पाहावे. नाराज भाडेकरू पाहुण्यांच्या कानात दोन वाक्ये सांगतो आणि महिनाभराची मेहनत वाया जाते.

एजंटाशी मात्र सुरुवातीलाच बोलून घ्यावे. दलाली किती, ती कोणाकडून आणि कधी, हे आधी ठरलेले असावे. मालक घरात हजर असला की काही पाहुणे हळूच फोन नंबर मागतात आणि एजंटाला वगळून बोलू पाहतात. दलाली वाचते हे खरे, पण ज्याने पाहुणा दारापर्यंत आणला त्याला चुकवून केलेला व्यवहार आपल्यालाही शोभत नाही, आणि जो माणूस त्याला चुकवतो तो उद्या आपल्यालाही चुकवू शकतो.

शेवटी, घर घेणाऱ्याला तुमच्या आठवणी विकत घ्यायच्या नसतात. त्याला भिंती, पाणी, उजेड आणि निर्धोक कागद हवे असतात. म्हणून पहिल्या भेटीत त्याला मोकळेपणाने पाहू द्यावे आणि दुसऱ्या भेटीत समोर बसून खरे ते सांगावे. किल्ली हातात देताना पाण्याची वेळ, गॅसवाल्याचा फोन नंबर आणि पावसाळ्यात कोणत्या खिडकीला कडी घट्ट लावावी लागते, हेही सांगून निघावे.